तीन नंबरचं पाणी

१

डॉक्टरबाई पोल्ट्रीच्या फाटकातून आत शिरल्या तेव्हा तीन नंबरच्या शेडसमोर मेलेल्या कोंबड्यांचा ढीग लागला होता आणि ढिगाच्या बाजूला पालथ्या बादलीवर अण्णा बसले होते. अण्णा कधी बसलेले दिसत नसत. अर्धं आयुष्य एकाच शेडमध्ये उभ्यानं काढलेला माणूस सकाळच्या पाण्याच्या वेळी बसलाय म्हटल्यावर बाईंनी विचारपूस बाजूला ठेवली आणि सरळ पिशवीतून हातमोजे काढले.

डॉक्टरबाई जनावरांच्या डॉक्टर. पन्नाशी उलटलेली, गुडघे कुरकुरणारे, आणि तोंड असं की मालकसुद्धा त्यांच्याशी बोलण्याआधी मनात वाक्य जुळवून घ्यायचे. आठवड्यातून एकदा त्यांची इथं फेरी असे. आज त्यांचा वार नव्हता. मालकांनी फोन करून बोलावलं होतं. काल दुपारच्या उन्हात तीन नंबर साफ झाला, एवढंच ते बोलले होते.

साफ म्हणजे निम्म्याहून जास्त. एक आणि दोन नंबरच्या शेडलाही तेच ऊन होतं, तेच पत्रे होते, तेच पंखे होते. तिथं मात्र चार-दोन कोंबड्यांवर निभावलं होतं.

मालक ऑफिसातून तरातरा आले. "मला रोग आहे का तेवढं सांगा. बाकी कारण मला ठाऊक आहे. यांनी पाण्यात सोडा टाकला नाही. एक नंबरमध्ये टाकला, दोन नंबरमध्ये टाकला, यांनाच जड झालं."

"नव्हता टाकला," अण्णा खाली बघत म्हणाले. "पोतं संपलं होतं. स्टोअरला कुलूप होतं. म्हटलं, जेवणं झाल्यावर उघडेल तेव्हा आणू. तोवर..." त्यांनी ढिगाकडे बघितलं.

"ऐकलंत? संध्याकाळपर्यंत हिशेब करून घ्या आणि खोली मोकळी करा, असं सांगितलंय मी यांना."

खोली म्हणजे कुंपणाला लागून असलेलं अण्णांचं घर. त्यात त्यांची बायको अंथरुणाला खिळून होती. हे मालकांनाही माहीत होतं. पण मालक रागात असले की त्यांना माहीत असलेल्या गोष्टी आठवत नसत.

बाईंनी एक कोंबडी उघडली. मग दुसरी. तिसरी उघडताना त्यांच्या कपाळाला आठी पडली. रोगाची खूण कुठंच नव्हती. पण मांस कोरडं ठणठणीत, रक्त काळपट आणि घट्ट, अन्नपिशवीत पाण्याचा टिपूस नाही.

"अण्णा, काल टाकीत पाणी होतं?"

"काठोकाठ. पाइप चालू, कोंबड्या चोच लावून पितात ते निपलही चालू. मी स्वतः दाबून बघितले."

बाईंनी हातमोजे काढले. पाणी चोचीसमोर होतं आणि कोंबड्या तहानेनं मेल्या होत्या.

२

सोडा नसला म्हणून कोंबडी पाणी पीत नाही, हे बाईंना पटेना. कोंबडीला घाम येत नाही. उकाड्यात ती चोच वासून धापा टाकते आणि त्या धापांपायी रक्तातला तोल बिघडतो. सोड्यानं तो सावरतो. म्हणजे सोडा ही मदत झाली. त्याच्यावाचून कोंबड्या दमतील, थोड्या जास्त मरतील, पण पाण्याकडे पाठ कशाला फिरवतील? मागच्या उन्हाळ्यातही दोनदा सोडा संपला होता, तेव्हा असं काही झालं नव्हतं.

पाण्यात दुसरी पडत होती ती बीटेनची पूड. बीटाच्या मळीत पहिल्यांदा सापडली म्हणून हे नाव. बीटेन पेशीत शिरून पाणी धरून ठेवतं, त्यामुळं धापा टाकणारी कोंबडी आतून सुकत नाही. ही पूड इथं उन्हाळ्यात प्रत्येक शेडच्या टाकीत मगानं मोजून पडायची. यंदा ती पहिल्यांदा कालच काढली होती.

"टाकीतलं पाणी तपासलं का?" बाईंनी विचारलं.

"टाकी कालच धुऊन घेतली," मालक म्हणाले. "रोग असला तर पसरायला नको."

"छान. चोर येऊन गेल्यावर घर झाडून ठेवल्यासारखं केलंत."



एक आणि दोन नंबरवर यंदापासून देखरेख होती मालकांच्या पुतण्याची. दंड शर्टाच्या बाहीत मावत नसत, म्हणून सगळे त्याला पहिलवान म्हणत आणि त्यालाही ते आवडे. तो व्यायामशाळेतून आणलेल्या डब्यातली कसली तरी पूड पाण्यात ढवळत होता. बाईंनी डबा उचलून लेबल वाचलं आणि भुवया चढवल्या.

"काय रे, बीटेन? कोंबड्यांच्या ड्रममधलं तर नाही ना?"

"काय काकू!" पहिलवानाला ते लागलं. "सीलबंद घेतो मी. स्नायूंना ताकद येते म्हणतात. कोंबड्यांचं खाऊन मी काय अंडी घालू?"

बाईंनी डब्यात बोट घातलं. पूड दमट होती, गोळे झाले होते. त्या नुसत्या "हं" म्हणाल्या.

"काल तुझ्या शेडमध्ये काय वेगळं झालं? विचार करून सांग."

"वेगळं काहीच नाही. आधी बीटेन टाकलं, ढवळलं, मग सोडा टाकला. फेस आला, तो बसेपर्यंत थांबलो, मग पाणी सोडलं."

"फेस?"

"हो, चांगला फसफसून वर आला. दोन्ही टाक्यांना. दर वेळी येत नाही का?"

"नाही," बाई म्हणाल्या. "कधीच येत नाही."

त्या तशाच लॅबमध्ये गेल्या. लॅब म्हणजे खाद्याचे नमुने तपासायची एक खोली, आणि लॅबताई म्हणजे तिथली एकमेव माणूस. तिशी-पस्तिशीची, रसायनशास्त्र शिकलेली, कामात इतकी चोख की तिनं नापास केलेलं पोतं मालकांनाही परत पाठवावं लागे. टेबलावर तिच्या मुलीचा फोटो होता. ताडमाड वाढलेली किडकिडीत पोरगी, लांब लांब बोटं आणि नाकावर बाटलीच्या बुडाएवढ्या जाड काचांचा चष्मा.

"ताई, तू सांग. नुसता सोडा नव्हता म्हणून एवढ्या कोंबड्या जातील?"

एरवी या प्रश्नावर ताईनं फळ्यावर समीकरण लिहून वाद घातला असता. आज तिनं तपासनळी दिव्यासमोर धरली आणि त्या नळीशीच बोलल्यासारखी म्हणाली, "मी कसं सांगणार? पाण्याचा नमुना मला मिळालाच नाही."

"अण्णांना काढतायत."

"कळलं मला." तिनं नळी स्टँडमध्ये ठेवली आणि लगेच दुसरी उचलली. "वाईट झालं."

बाई दारापर्यंत जाऊन थांबल्या. ताईला काहीतरी बोलायचं होतं आणि ती ते गिळत होती, हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

३

स्टोअरकीपरला सगळे कुलूपराव म्हणत. स्टोअरला दोन कुलपं, आतल्या कपाटाला एक आणि स्वतःच्या जेवणाच्या डब्यालाही एक, असा तो माणूस. किल्ल्या तिघांकडे होत्या: तो स्वतः, पहिलवान आणि नमुने काढायला लागतात म्हणून लॅबताई.

बीटेनचे दोन ड्रम होते. दाराशी मोठा पांढरा, त्यातलं बीटेन खाद्यात मिसळायचं. मागच्या कोपऱ्यात, पोत्यांच्या आड, छोटा निळा, त्यातलं पाण्यात टाकायचं. पांढऱ्यातलं पाण्यात नाही आणि निळ्यातलं खाद्यात नाही, एवढा नियम सगळ्यांना पाठ होता. कारण विचारलं तर एकजात सगळे कानाला हात लावत.

"निळा उघडा," बाई म्हणाल्या.

"कालच उघडला होता. काही विशेष नाही त्यात."

"मग पुन्हा उघडायला काय हरकत आहे?"

कुलूपरावांनी झाकण काढलं. पांढरीशुभ्र पूड होती, साखरेसारखी मोकळी. बाईंनी मूठभर घेतली. बोटांच्या फटींतून ती सरसर खाली गेली.

याच गोष्टीनं त्या थबकल्या. पाण्यात टाकायचं शुद्ध बीटेन हवेतली ओल ओढून घेतं. झाकण दोनदा उघडलं तरी त्याचे गोळे होतात. पहिलवानाच्या डब्यात तेच झालं होतं. हा ड्रम तर मागच्या वर्षी फोडलेला.

बाईंनी बाही कोपरापर्यंत सारली आणि हात ड्रममध्ये खुपसला. वीतभर खाली बोटांना काहीतरी ओलसर, चिकट, ढेकळांसारखं लागलं.

"कुलूपराव, दोन पेले पाणी आणा. आणि चमचाभर सोडा."

एका पेल्यात त्यांनी वरची पूड टाकली, दुसऱ्यात खालचं ढेकूळ. दोन्ही विरघळली, दोन्ही पाणी स्वच्छ. मग दोन्हींत सोडा टाकला. ढेकळाचं पाणी शांत राहिलं. वरच्या पुडीचं पाणी फसफसून पेल्याबाहेर आलं आणि कुलूपरावांच्या चपलेवर सांडलं.

कुलूपरावांची पाचावर धारण बसली. "बाई," ते म्हणाले, "आधी ते दार लावा."

४

"मी काही चोरलं नाही," कुलूपराव पोत्यावर बसत म्हणाले. "उलट भरून काढलं."

मागच्या आठवड्यात साठ्याची मोजणी होती. निळा ड्रम वजनाला दोनेक किलो कमी भरला. ड्रम वर्षभर बंद, कुलूप शाबूत. मालकांना सांगावं तर पहिला संशय स्टोअरकीपरवर. आजवर कधी त्यांच्या साठ्यात टाचणी कमी भरली नव्हती. तो लौकिक जायची वेळ आली तेव्हा त्यांना दाराशी असलेला पांढरा ड्रम दिसला. त्यातून रोजच माप निघायचं, थोडं इकडचं तिकडं कोणाच्या लक्षात आलं नसतं.

"दोन्हींवर बीटेनच लिहिलंय ना, बाई? म्हटलं, एकाच घरातलं आहे. कमी पडायला नको म्हणून वर दोन मापं जास्तच टाकलं."

बाईंनी डोक्याला हात लावला. "दोन्हींवर बीटेन लिहिलंय. पांढऱ्यावर पुढं हायड्रोक्लोराइडही लिहिलंय. ते वाचायला काय झालं होतं? ते बीटेन ॲसिडशी जोडलेलं असतं. पोतंभर खाद्यात मूठभर गेलं तर बिघडत नाही. पाण्यात टाकलं तर पाणी लिंबासारखं आंबट होतं."

आता सगळं जागेवर बसलं. काल तिन्ही टाक्यांत आंबट पूड गेली. एक आणि दोन नंबरमध्ये सोड्यानं ॲसिड मारलं, फेस झाला, पाणी पुन्हा गोड झालं, कोंबड्या प्यायल्या. तीन नंबरमध्ये सोडा नव्हता. तिथलं पाणी आंबट राहिलं, कोंबड्यांनी निपलला चोच लावून तोंड फिरवलं आणि भर उन्हात तहानेनं जीव सोडला. अण्णांचा सोडा चुकला हे खरं. पण ज्याला सगळे नुसती मदत समजत होते, तो सोडा काल नकळत उतारा झाला होता.

कुलूपरावांचा चेहरा पडला. "म्हणजे कोंबड्या मी मारल्या?"

"हो."

बाई गोड बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या. पण कुलूपरावांच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं तेव्हा त्यांनी नजर दुसरीकडे वळवली, आणि ती वळली ती नेमकी निळ्या ड्रमकडे. त्यांच्या मनात वेगळाच हिशेब सुरू झाला.

दोनेक किलो कोणीतरी नेलं होतं. विकायला नेलं असतं तर पांढऱ्यातून नेलं असतं. तो दाराशी आहे, मोठा आहे, थोडं गेलेलं कळत नाही. याला नेमका कोपऱ्यातला निळाच हवा होता. म्हणजे दोन्हींतला फरक त्याला कळत होता. एकदम नेलं असतं तर ड्रममध्ये खड्डा दिसला असता. तो दिसला नाही, म्हणजे वर्षभर चमच्या-चमच्यानं गेलं. चमच्यानं, रोज लागेल तसं, आणि ॲसिड नको. असं कोण नेतं? ज्याला ते पोटात घ्यायचंय.

"कुलूपराव, तुम्ही भर टाकल्यावर हा ड्रम काल सकाळच्या आधी कोणी उघडला होता का?"

"उघडला असणार. मी वरून हात फिरवून सपाट केलं होतं. काल बघितलं तर एका बाजूला चमच्यानं काढल्याची खूण होती."

बाई ताडकन उठल्या. गुडघा कळवळला, तिकडं त्यांनी लक्षच दिलं नाही. घरी कोणीतरी हे औषध म्हणून घेत होतं, आणि गेल्या काही दिवसांपासून ते माणूस ॲसिड पीत होतं.

५

किल्ल्या तिघांकडे. कुलूपराव सुटले. त्यांनी नेलं असतं तर भर टाकताना स्वतःच्याच औषधाची माती केली नसती. पहिलवान तर सीलबंद डबा सगळ्यांना दाखवत फिरत होता आणि त्या डब्यातले गोळे त्याच्या बाजूनं साक्ष देत होते.

तरीही बाई स्टोअरच्या पायरीवर उभ्या राहिल्या. नुसतं दोघांना वगळून तिसऱ्यावर बोट ठेवणं त्यांना आवडत नसे. आणि ही तिसरी त्यांची लाडकी होती.

समोर अण्णा मेलेल्या कोंबड्या पोत्यांत भरत होते.

"अण्णा, शनिवारची अंडी या वेळी मिळाली का?"

या पोल्ट्रीत दर शनिवारी फुटकी, तडकलेली अंडी कामगारांना घरी न्यायला वाटत. त्यावरून भांडणंही होत.

"आता अंड्यांचं काय घेऊन बसलात, बाई?" अण्णा वैतागले. "मिळाली. माझी आणि ताईची, दोघांची. ती कायम मलाच देते. माझ्या बायकोला म्हणे ताकद येईल."

"ती अंडी खात नाही?"

"खात नाही कशी! कॅन्टीनमध्ये रोज ऑम्लेट असतं तिचं. पण घरी नेत नाही. एकदा मी बळंच पिशवीत घातली तर साप टाकल्यासारखी दचकली."

बाईंनी डोळे मिटले. स्वतः खाते पण घरात येऊ देत नाही. आणि टेबलावर तो फोटो: लांब हाडं, लांब बोटं, जाड चष्मा. प्रथिनांतला एक घटक शरीरानं वापरला की मागं एक गाळ उरतो. धडधाकट शरीर तो गाळ पुन्हा कामाला लावतं. काही मुलं जन्मतःच ती वाट बंद असलेली येतात. गाळ रक्तात साठतो, डोळ्यातलं भिंग जागचं हलतं, हाडं भलतीच लांबतात, रक्ताच्या गाठी होतात. अशा मुलांना अंडी, मांस, दूध वर्ज्य. आणि औषध काय, तर बीटेन, रोज काही चमचे. बंद वाटेच्या शेजारून ते दुसरी वाट काढून देतं. कोंबडीच्या यकृतातही तीच वाट असते, म्हणून तर बाईंना ती पाठ होती.

त्या लॅबकडे जवळजवळ धावल्या. दार उघडं होतं, दिवा चालू होता, खुर्ची रिकामी.

"ताई घरी गेली," पहिलवान म्हणाला. "शेजारणीचा फोन आला. मुलीच्या पोटात फार दुखतंय म्हणे, उलट्या होतायत."

"गाडी काढ."

"काकू, पण काका म्हणाले..."

"काकांचं मी बघते. तू गाडी काढ!"

६

ताईचं घर दुसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. मुलगी कॉटवर गुडघे पोटाशी घेऊन पडली होती. चष्मा काढून ठेवल्यामुळं तिला आलेलं माणूस कोण ते कळेना.

"पित्त असेल," ताई दारातच म्हणाली. "तीन-चार दिवस झाले. मी नेतेच आहे डॉक्टरांकडे, तुम्ही कशाला एवढ्या..."

"बरणी कुठंय?"

ताईचा चेहरा पांढरा पडला. कसली बरणी, असं तिनं विचारलं नाही.

बरणी ओट्यावरच्या फळीवर होती, घट्ट झाकणाची. आत ओल शोषणाऱ्या पुड्या नीट रचलेल्या होत्या. बाईंनी पेल्यात पाणी घेतलं, चमचाभर पूड टाकली, ओट्यावरचा खाण्याचा सोडा उचलून चिमूटभर वर सोडला. पेला फसफसला.

ताई रसायनशास्त्र शिकलेली होती. तिला काहीच सांगावं लागलं नाही. ती ओट्याला धरून खाली बसली.

"आई, मी म्हणत होते ना, रस आंबट लागतोय," मुलगी कॉटवरून म्हणाली. "तू म्हणालीस, संत्री आंबट आहेत."

पहिलवानानं तिला उचलून गाडीत नेलं. त्याच्या दंडांचा त्या दिवशी पहिल्यांदाच कोणाला तरी उपयोग झाला. गाडीत ताई बोलली. आपण होऊन, सलग, खिडकीबाहेर बघत.

औषध परदेशातून यायचं, ते यायचं थांबलं. हॉस्पिटल म्हणालं, थोडं थांबा. थांबता थांबता मुलीच्या रक्तातला गाळ वाढत गेला. मुलीचं एक भिंग आधीच सरकलेलं, दुसरं जाईल या भीतीनं ताईला रात्री झोप लागेना. आणि रोज कामावर गेलं की समोर निळा ड्रम. तोच पदार्थ. तिनं स्वतः तपासून पास केलेला, शुद्ध. एकदा चमचाभर आणला. मग रोजचं झालं. तपासण्यांना मात्र ती मुलीला न्यायची बंद झाली. औषध नसताना रक्त इतकं चांगलं कसं, असं डॉक्टरांनी विचारलं असतं तर काय सांगणार?

"सकाळी तू गप्प का बसलीस?" बाईंनी विचारलं.

"सोड्यानं असं होत नाही, हे मला कालच कळलं होतं. पाण्यात काहीतरी गेलं असणार, तेही कळलं. पण ड्रम उघडला असता तर माझी चोरीही उघडी पडली असती," ती म्हणाली. "अण्णांना काढतायत हे ऐकूनही गप्प बसले. आणि निघायच्या आधी माझ्या हातानं हिला सकाळचा डोस देऊन आले होते. काल संध्याकाळीच तोंड उघडलं असतं तर तो डोस तिच्या पोटात गेला नसता."

 बाईंनी तिच्या हातावर हात ठेवला, इतकंच.

हॉस्पिटलात मुलीच्या मोठ्या डॉक्टरांनी ऐकून घेतलं, मुलीच्या पोटाची व्यवस्था लावली आणि मग ताईला असं झाडलं की बाईंनाही मध्ये पडावंसं वाटेना. औषध महिन्यापूर्वीच आलं होतं. मुलीच्या नावाचं खोकं फार्मसीत पडून होतं आणि ही बया फोन उचलत नव्हती. सुदैवानं जठराला फक्त सूज होती. काही दिवसांत भरून येणार होती.

जिना उतरताना बाई म्हणाल्या, "संध्याकाळी ऑफिसात मी सगळं सांगणार आहे. अण्णांचं घर जाऊ द्यायचं नाही मला. तू आलीस तर तू सांग. नाही आलीस तर मी सांगेन."

७

ताई आली. मुलीजवळ शेजारणीला बसवून, सकाळचेच कपडे घालून आली. कुलूपराव आधीच कोपऱ्यात उभे होते, किल्ल्यांचा जुडगा मालकांच्या टेबलावर ठेवून. अण्णा दाराशी होते. त्यांच्या हातात हिशेबाच्या पैशांचं पाकीट होतं आणि ते त्यांनी अजून उघडलं नव्हतं.

ताईनं काहीही लपवलं नाही. आपलं दुखणं मोठं करून सांगितलं नाही की चोरी लहान करून सांगितली नाही. कुलूपरावांनी आपला वाटा सांगितला. शेवटी ताई अण्णांकडे वळली. "सकाळी मला माहीत होतं, अण्णा. मी बोलले नाही." आणि मान खाली घालून उभी राहिली.

मालकांनी बराच वेळ टेबलावरच्या काचेवर बोट फिरवलं. राग उतरला होता आणि आता त्यांना सगळं आठवत होतं, अण्णांच्या बायकोसकट.

"अण्णा, ते पाकीट द्या इकडे," ते शेवटी म्हणाले. "चुकलं माझं."

अण्णांनी पाकीट टेबलावर ठेवलं. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद दिसला नाही. दिवसभर त्यांनी स्वतःच्या हातांनी वाढवलेल्या कोंबड्या पोत्यांत भरल्या होत्या आणि आपल्या चुकीनं त्या गेल्या असं समजून भरल्या होत्या.

"या दोघांना मात्र ठेवता येणार नाही," मालक म्हणाले. "एकानं चोरी केली, एकानं ती झाकली."

"ताईला देऊन टाका की तो ड्रम," पहिलवान मध्येच म्हणाला. "पोरीचं तरी..."

"खबरदार!" डॉक्टरबाई कडाडल्या. "कोंबड्यांचा ड्रम माणसाच्या पोरीला चालत नाही. कोण कधी त्यात काय ओततं, हे आज बघितलंस ना? तिचं औषध हॉस्पिटलात आहे. तिथूनच आणायचं, दर महिन्याला, आणि तपासणीलाही जायचं."

ताईनं मान हलवली.

मालकांनी अण्णांकडे बघितलं. "तुमचं सगळ्यात जास्त गेलं. तुम्ही म्हणाल तसं करतो."

अण्णा ताईकडे वळले. म्हणाले, "पोरगी कशी आहे?"

"बरी होईल," ताई म्हणाली.

"बरं. माझा राग गेलेला नाही, हे सांगून ठेवतो. इतक्यात जाणारही नाही." त्यांनी मालकांकडे तोंड केलं. "काढून कोणाला काढताय, साहेब? नवी येईल ती काय शहाणी असेल? हिला राहू द्या. पण उद्यापासून माझ्या शेडची टाकी भरली की रोज सकाळी हिनं यायचं. आधी तपासायचं, मग माझ्यासमोर पेलाभर प्यायचं. हिनं प्यायल्यावरच माझ्या कोंबड्या पितील."

ताईच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. दिवसभरात ती पहिल्यांदा रडली.

"आणि यांचं काय?" मालकांनी कुलूपरावांकडे बोट केलं.

अण्णांनी कुलूपरावांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"त्यानं हिच्या आधी प्यायचं," ते म्हणाले, आणि कोंबड्यांच्या पाण्याची वेळ झाली म्हणून निघून गेले.